भित्तिपत्रकांचा जीर्णोद्धार

जुने ते सोने या म्हणीचा अर्थ बाजारातील सोन्याच्या भावाशी जोडणारे लोक प्रत्येक काळात असतात. त्यांच्याविषयी आमची विशेष तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती जुन्याला नवे करून दाखविणाऱ्यांविषयी, आणि असे केले म्हणजे आपण जुन्याची सेवा केली असे मानणाऱ्यांविषयी. ब्रिटनमध्ये गेल्या शतकात, विशेषतः 1950 ते 1970 या वीस वर्षांत, विज्ञानकथांवर बेतलेले जे चित्रपट निघाले त्यांची भित्तिपत्रके जमविणाऱ्यांचा एक मोठा पंथ आज तेथे व अन्यत्र नांदत आहे. या पंथात जाणकार आहेत, अभ्यासू आहेत, आणि ज्यांच्या चिकाटीपुढे हात जोडावेत असे वेडे पीरही आहेत. परंतु त्याच पंथात अलीकडे एक रूढी शास्त्र म्हणून मिरवू लागली आहे. जुन्या पोस्टरवरील घड्यांच्या खुणा, टाचण्यांची भोके, कडांच्या फाटी, चिकटपट्टीचे डाग, हे सारे रंगाने बुजवून ते पोस्टर काल छापल्यासारखे करावे आणि मग ते चौकटीत लावावे, ही ती रूढी होय. तिला आमचा विरोध आहे, आणि तो आम्ही येथे कोणतीही भीडभाड न ठेवता मांडणार आहोत.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहिले पाहिजे. इंग्लंडातील चित्रपटगृहांसाठी छापले जाणारे नेहमीचे पोस्टर आडवे असे, चाळीस इंच रुंद आणि तीस इंच उंच. त्यास 'क्वाड' म्हणतात, कारण मुद्रकांच्या परिभाषेत 'क्राउन' नावाचा जो वीस इंच गुणिले पंधरा इंचांचा कागद असे, त्याच्या चार पटींचा हा ताव. नॉटिंगहॅम, ब्रॅडफर्ड, लंडन येथील लिथोग्राफीच्या छापखान्यांतून हे ताव निघत. सुरळी करून पाठविण्याची चैन त्या काळी नव्हती. ताव आडवा-उभा घडी घालून पाकिटात जाई, गावच्या चित्रपटगृहाचा नोकर तो उलगडी, फळीवर टाचण्या ठोकून लावी, त्यावर आपल्या गृहाचे नाव व खेळाचे वार लिहिलेली पट्टी चिकटवी, आणि खेळ उतरला की पुन्हा घडी घालून ठेवी. पुष्कळदा पाठीमागच्या कोऱ्या बाजूस पेन्सिलीने चित्रपटाचे नाव लिहिलेले आढळते, कारण घडी न उलगडता ओळख पटावी. एकाच प्रतीने तीन-चार गावे पाहिली असण्याचा संभव असतो. तेव्हा घडी ही या वस्तूला मागाहून झालेली इजा आहे असे म्हणणे म्हणजे पत्रावरचा टपालखात्याचा शिक्का हा डाग आहे असे म्हणण्यासारखेच झाले.

आता या कागदावर होते काय? 1951 च्या जानेवारीत ब्रिटिश चित्रपट-परीक्षण मंडळाने 'एक्स' नावाचा नवा दाखला सुरू केला. ज्या चित्रपटास तो मिळे तो सोळा वर्षांखालील मुलांस पाहता येत नसे. सभ्य निर्माते या अक्षराला घाबरत. हॅमर या लहानशा कंपनीने मात्र 1955 साली त्याचीच जाहिरात केली. बीबीसीवरील क्वाटरमास या शास्त्रज्ञाची मालिका तिने पडद्यावर आणली आणि चित्रपटाच्या नावातील 'एक्सपेरिमेंट' या शब्दाचे पहिले अक्षर उडवून तो 'एक्स'पासून सुरू केला, जेणेकरून भिंतीवरून जाणाऱ्याची नजर त्या निषिद्ध अक्षरावरच पडावी. अंतराळातून परतलेल्या यानात तिघांऐवजी एकच माणूस सापडतो आणि तोही हळूहळू माणूस उरत नाही, अशी ती कथा. तिचा शेवट वेस्टमिन्स्टर ॲबीत होतो, जेथे इंग्लंडच्या राजांचे राज्याभिषेक होतात. ज्या वर्षी मूळ मालिका प्रक्षेपित झाली त्याच 1953 साली, आणि अवघे काही आठवडे आधी, त्याच ॲबीत राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे लेखक नायजेल नील यांनी प्रेक्षकांच्या कोणत्या मर्मावर बोट ठेवले होते ते कळते.

आमच्या काही सात्त्विक वाचकांना प्रश्न पडेल की असल्या भयपटांच्या जाहिरातींचा कैवार आमच्या पत्राने का घ्यावा. त्यांना आमचे उत्तर असे की, भिंतीवरची जाहिरात ही त्या समाजाच्या मनाची नोंद असते, आणि ती नोंद समाजाने स्वतः विचारपूर्वक केलेली नसल्यामुळेच विश्वासार्ह असते. ब्रिटनने 1957 साली प्रशांत महासागरात हायड्रोजन बॉम्बचे प्रयोग सुरू केले. त्याच वर्षी विंडस्केल येथील अणुभट्टीला आग लागली. 1958 च्या ईस्टरला हजारो लोक लंडनहून ऑल्डरमॅस्टनच्या अण्वस्त्र-केंद्राकडे पायी गेले. आणि 1961 साली व्हॅल गेस्ट यांचा 'द डे द अर्थ कॉट फायर' आला. अमेरिका व रशिया यांनी एकाच वेळी केलेल्या स्फोटांमुळे पृथ्वी आपल्या मार्गावरून ढळते आणि लंडन तापत जाते, अशी त्याची कल्पना. एका वृत्तपत्राच्या कचेरीत ती घडते, आणि संपादकाची भूमिका 'डेली एक्सप्रेस'चे माजी संपादक आर्थर ख्रिश्चनसन यांनीच केली होती. लोकसभेतील भाषणे आणि मंत्र्यांची निवेदने त्या भयाविषयी आपल्याला एक सांगतील. बसच्या रांगेत उभ्या असलेल्या कारकुनाच्या डोळ्यांसमोर त्या आठवड्यात कोणते चित्र टांगलेले होते, ते मात्र तो ताव सांगेल. त्या तावाला पडलेले टाचण्यांचे भोक हा तो खरोखरच टांगला गेल्याचा पुरावा होय.

आणि नेमके तेच भोक आज बुजविले जाते!

ही क्रिया कशी चालते ते वाचकांनी समजून घेतले पाहिजे, कारण आमचा आक्षेप तिच्या सर्व पायऱ्यांना नाही. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद काळाने पिवळा व ठिसूळ होतो. घड्या जेथे एकमेकींस छेदतात तेथे तो झिजून आरपार जातो. असा ताव पाण्याने हलकेच धुऊन, त्यातील आम्लता काढून, पातळ कागदाच्या अस्तरासह कापडावर गव्हाच्या खळीने चढवितात. ही खळ पुन्हा भिजवून सोडविता येते. म्हणून मरू घातलेल्या कागदाला असा आधार देणे यात आम्हांस गैर काही दिसत नाही. पूर्वी गरम इस्त्रीने पुठ्ठ्यावर कायमचा चिकटवून टाकीत, त्यापेक्षा हे शतपटीने बरे. अनर्थ सुरू होतो तो यानंतर, जेव्हा कारागीर कुंचला हाती घेतो. घडीच्या पांढऱ्या रेषेवर आकाशाचा निळा रंग ओढला जातो. फाटलेल्या कोपऱ्याच्या जागी नवा कागद बसवून त्यावर अंदाजाने अक्षरे काढली जातात. चित्रपटगृहाची पट्टी सोलून फेकली जाते, कारण ती 'मूळ चित्राचा भाग' नव्हे. चौकटीत नीट बसावे म्हणून पांढरी कड कापणारे महाभागही आहेत. आणि त्या कडेतच तर छापखान्याचे नाव असते, जे त्या तावाच्या जन्माचा एकमेव लेखी दाखला होय.

या रूढीचे समर्थक तीन युक्तिवाद करतात. पहिला असा की, चित्रकाराने जे चित्र काढले त्यात घडी नव्हती. तेव्हा घडी पुसणे म्हणजे चित्रकाराच्या मूळ हेतूकडे परत जाणे होय. हा युक्तिवाद ऐकावयास उदात्त वाटतो, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने परामर्श घेतो. चित्रकारांविषयीचा हा कळवळा आला कोठून? ज्या वर्षांविषयी आपण बोलत आहोत त्या वर्षांत बहुतेक पोस्टरांवर चित्रकाराचे नावच नसे. ईलिंग स्टुडिओने जॉन पायपर, एडवर्ड बॉडेन यांच्यासारख्या प्रतिष्ठित चित्रकारांकडून पोस्टरे करून घेतली आणि त्यांची वाहवा झाली, हे खरे. परंतु मंगळावरून आलेल्या बायका आणि समुद्रातून उठलेले राक्षस रंगविणारे लोक जाहिरात-संस्थांच्या मेजांवर बसणारे पगारी कारागीर होते. टॉम चँट्रेल हे त्यांतले थोर नाव. 1916 साली मँचेस्टरमध्ये जन्मलेल्या या माणसाने शेकडो चित्रपटांची चित्रे रंगविली. हॅमरचे जेम्स कॅरेरास हे चित्रपट तयार होण्यापूर्वीच केवळ नाव आणि चँट्रेल यांचे चित्र दाखवून भांडवल गोळा करीत, म्हणजे पुष्कळदा चित्रपट हीच पोस्टराची नक्कल असे! 1977 साली 'स्टार वॉर्स'चे ब्रिटिश क्वाड त्यांनी केले तेव्हा राजकन्येच्या आकृतीसाठी त्यांची पत्नी उभी राहिली होती. एवढा मोठा कारागीर 2001 साली निवर्तला, आणि त्याच्या पिढीची नावे लोकांपुढे पद्धतशीर आली ती सिम ब्रॅनाघन यांच्या 2006 मधील ग्रंथामुळे. त्या ग्रंथाला चित्रे कोणाची हे ठरविताना आधार कशाचा होता? शैलीचा, जिवंत असलेल्या कारागिरांच्या आठवणींचा, आणि कागदांचा. ज्या तावावर दुसऱ्याच कोणाचा कुंचला दहा ठिकाणी फिरला आहे त्यावरून शैली कशी ओळखावी? ज्याची सही नव्हती त्याचा हात तरी शिल्लक होता. तोही आता पुसला जात आहे. चित्रकाराच्या हेतूचे नाव घेणाऱ्यांनी हे आधी सांगावे.

शिवाय चित्रकाराचा हेतू म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. चँट्रेल काय दिवाणखान्यात टांगण्यासाठी रंगवीत होते? ते रस्त्यासाठी रंगवीत होते, पावसात भिजणाऱ्या फळीसाठी, धावत्या बसमधून पाहणाऱ्यासाठी. 1954 च्या 'डेव्हिल गर्ल फ्रॉम मार्स'मधला यंत्रमानव प्रत्यक्ष पडद्यावर एखाद्या कपाटाला पाय फुटावेत तसा दिसतो. अशा चित्रपटाला गिऱ्हाईक आणणे हे भिंतीवरच्या कागदाचे काम होते. ते काम ज्याने केले त्याच्या अंगावर त्या कामाचे घट्टे असणारच.

दुसरा युक्तिवाद व्यवहाराचा. डाग असलेले पोस्टर विकले जात नाही, विकले गेले नाही तर कोणी जपणार नाही, आणि जपले नाही तर नष्ट होईल. म्हणून रंगरंगोटी हीच अंती रक्षण करते. या म्हणण्यात काही तथ्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. बाजाराने पुष्कळ रद्दी वाचविली आहे. 1927 च्या जर्मन 'मेट्रोपोलिस'चे एक पोस्टर 2005 साली लंडनच्या एका गॅलरीमार्फत 6,90,000 डॉलरांस गेले, आणि त्या एका बातमीने अनेकांनी आपले पोटमाळे उपसले असतील. पण याच बाजाराने प्रतवारीची जी शिडी उभी केली आहे तिच्याकडे पाहा. तिच्या सर्वांत वरच्या पायरीवर कोण बसले आहे? जे पोस्टर कधी उलगडलेच गेले नाही, कोठे लागले नाही, कोणी वाचले नाही, जे कोठारातच पडून राहिले, ते! आणि ज्याने लँकशरच्या एखाद्या गिरणीगावात आठवडाभर थंडीवाऱ्यात उभे राहून आपले काम केले, ते खालच्या पायरीवर. ज्या शिपायाने कधी लढाई पाहिली नाही त्याच्या छातीवर पदक आणि जखमी होऊन परतलेल्याला 'सदोष' असा शेरा, असा हा न्याय आहे. मग खालच्या पायरीवरच्याला वर चढविण्यासाठी त्याच्या जखमांवर रंग चोपडायचा, आणि त्याला रक्षण म्हणायचे! बाजाराने लावलेली सवय बाजाराच्याच नावाने क्षम्य ठरत नाही.

तिसरा युक्तिवाद सौंदर्याचा. तो थोडक्यात निकालात निघतो. ज्याला डोळ्यांना निर्वेध चित्र हवे त्याने नवी प्रतिकृती घ्यावी. आजच्या छपाईने ती उत्तम निघते आणि स्वस्त पडते. शंभर वर्षांत एकदाच झालेल्या वस्तूला प्रतिकृतीसारखे दिसावयास लावण्याची गरज नाही.

येथे आमच्या गोमंतकीय वाचकांना काही आठवले असेल. आमच्या कित्येक देवळांच्या भिंतींवर कावीची चित्रे होती. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो कोरून काढलेली. जीर्णोद्धाराच्या उत्साहात त्यांवर कोठे तैलरंग चढला, कोठे गुळगुळीत लाद्या बसल्या, आणि ज्यांनी हे केले त्यांनी ते भक्तिभावानेच केले. आमच्या महाजन मंडळींच्या भावनेविषयी आम्हांस शंका नाही. तशीच इंग्लंडातील संग्राहकांच्या प्रेमाविषयीही नाही. जीर्ण झालेल्याला उद्धरणे म्हणजे त्याचे जीर्णत्व लपविणे, ही समजूत दोन्हीकडे एकच आहे, एवढेच आम्ही दाखवून देतो. आणि देवळाच्या बाबतीत ज्यांना हळहळ वाटते त्यांनी कागदाच्या बाबतीत हसू नये.

कागदाचे मोल काय, हे ज्यांना अजून पटत नसेल त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. क्वाटरमासची जी मालिका 1953 साली बीबीसीने सहा भागांत दाखविली ती स्टुडिओतून थेट प्रक्षेपित होत होती. तिचे पहिले दोन भाग तेवढे आज उपलब्ध आहेत, उरलेले चार हवेत विरले. 1960 नंतरच्या दशकातील 'डॉक्टर हू' या मालिकेचे अनेक भाग बीबीसीनेच पुढे पुसून टाकले. चित्रफितीच जेथे टिकल्या नाहीत तेथे कागदाचा कपटाही साक्षीदार ठरतो. आमच्याकडेही हेच घडले आहे: कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांच्या 1924 मधील 'कल्याण खजिना'चे पोस्टर आजही दाखविले जाते, आणि मूकपटांच्या त्या सबंध युगातील बहुतेक चित्रपट मात्र कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत. तिकडे 1936 साली वेल्स यांच्या लेखणीतून आणि कोर्डा यांच्या निर्मितीतून 'थिंग्ज टु कम' आला; त्यात 1940 च्या नाताळात नगरावर बाँब पडतात असे भाकीत होते. ते जवळजवळ तारखेसह खरे ठरले, आणि त्या युद्धात कागद ही युद्धसामग्री ठरून रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. युद्धपूर्व भित्तिपत्रके इतकी विरळ होण्यास त्याही मोहिमा कारण झाल्या. जे वाचले ते कोणाच्या तरी आळसाने वा विसराळूपणाने वाचले. त्या कागदाच्या अंगावर वाचण्याचा इतिहास आहे.

जाता जाता एक गंमत सांगावीशी वाटते. 1966 च्या 'डॅलेक्स इन्व्हेजन अर्थ 2150 ए.डी.' या चित्रपटाला 'शुगर पफ्स' नावाच्या न्याहारीच्या पदार्थाच्या निर्मात्यांनी पैसे पुरविले होते. त्याचा मोबदला म्हणून 2150 सालच्या उद्ध्वस्त लंडनच्या भिंतींवरही शुगर पफ्सची पोस्टरे लावलेली दिसतात! परग्रहावरच्या यंत्रांनी मानवजात गुलाम केली, घरे कोसळली, पण जाहिरात जागेवर आहे. आमच्या जीर्णोद्धारकांचे आदर्श पोस्टर बहुधा हेच असावे.

यावर करावे काय? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये भित्तिपत्रकांचे मोठे संग्रह आहेत. अशा संस्थांतील कागदतज्ज्ञ ज्या शिस्तीने वागतात ती खासगी संग्राहकाने पाळावी, एवढेच आमचे मागणे आहे. कागद मरत असेल तर त्याला आधार द्यावा. रंग देऊ नये. आम्लरहित पुठ्ठ्यात सपाट ठेवावे, उन्हापासून दूर ठेवावे. गृहाची पट्टी असेल तर ती सोलू नये. तिच्यावरचा सोमवार-मंगळवार हा त्या चित्राइतकाच मोलाचा आहे. कड कापू नये. जे आधीच रंगविले गेले आहे त्याचा रंग कोठे कोठे आहे याची नोंद पुढच्या मालकास लेखी द्यावी, आणि विकणाऱ्याने ती मागितल्यावाचून द्यावी.

आणि विक्रेत्यांना आमचे एक जाहीर आवाहन आहे. कापड चढले म्हणजे पाठ कायमची झाकली जाते. पेन्सिलीने लिहिलेले नाव, एखाद्या वितरकाचा शिक्का, घडीवर साचलेली धूळ, सारे त्याखाली जाते, आणि ताव अस्सल की बनावट हे ठरविण्याची निम्मी साधने त्याबरोबर जातात. तेव्हा जो विक्रेता आपल्या यादीत 'कापडावर चढविलेले, उत्कृष्ट स्थिती' असे लिहितो त्याने त्याच्या शेजारी कापड चढण्यापूर्वीचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र छापावे. ज्याच्यापाशी ते नसेल त्याने तसे स्पष्ट लिहावे. पाच-पाचशे पौंड मागणाऱ्याला एका छायाचित्राचा खर्च जड जाऊ नये.